सरकारला यंत्र विकायचंय? आधी आयातीचा हिशेब मांडा

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा. चांगलं यंत्र बनवणारे भरपूर भेटतील आणि त्यातले बरेच जण सरकारी निविदेच्या वाटेला जात नाहीत. 'तिथं सगळं ठरलेलं असतं' हे एक कारण. दुसरं कारण कोणी फारसं बोलून दाखवत नाही. निविदेची पन्नास-साठ पानं उघडली की कळतच नाही सुरुवात कुठून करायची. जे धीर करून भरतात, ते 'मेक इन इंडिया' नावाच्या कलमापाशी थांबतच नाहीत. आपण इथलेच, आपला कारखाना इथला, जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, मग आपण देशी नाही तर कोण? असं म्हणून टिक करतात आणि पुढे जातात.

या टिकने नंतर रडवलेले लोक कमी नाहीत. सरकारी खरेदीत देशी-परदेशी हे कंपनीच्या पत्त्यावरून ठरत नाही, यंत्रावरच्या नावावरूनही नाही. ते ठरतं त्या एका यंत्राच्या किमतीत आयातीचा वाटा किती यावरून. त्यामुळे नवख्या माणसाने निविदा शोधण्याच्याही आधी हा हिशेब करावा.

आदेश कोणता, आणि तो कोणाला लागतो

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाचा, म्हणजे डीपीआयआयटीचा, १५ जून २०१७ चा आदेश याच्या मुळाशी आहे. त्यात अनेकदा बदल झाले. १६ सप्टेंबर २०२० आणि १९ जुलै २०२४ या दोन तारखा निविदांमध्ये वारंवार दिसतील. आदेशाने पुरवठादारांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. स्थानिक मूल्य, म्हणजे किमतीतला देशी वाटा, ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-वन. २० ते ५० टक्क्यांच्या मधला क्लास-टू. आणि २० च्या खाली असेल तो नॉन-लोकल. काही मंत्रालयांनी आपापल्या वस्तूंसाठी वेगळे आकडे ठरवले आहेत, वैद्यकीय उपकरणं आणि टेलिकॉम ही त्यातली ठळक. म्हणून आकडा नेहमी हातातल्या निविदेतून घ्यायचा. मागच्या निविदेची फाइल उघडून उतरवायचा नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ज्या वस्तूंबाबत देशात पुरेशी क्षमता आणि स्पर्धा आहे असं संबंधित मंत्रालयाने कळवलं आहे, तिथे फक्त क्लास-वनला दार उघडं. बाकीच्या खरेदीत, जागतिक निविदा (परदेशी कंपन्यांनाही खुली असलेली) काढलेली नसेल तर, क्लास-वन आणि क्लास-टू दोघांनाही भरता येतं, नॉन-लोकलला नाही. आणि २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढायचीच नाही असा नियम मे २०२० पासून आहे. काढायचीच असेल तर कारणं नोंदवून कॅबिनेट सचिवालयातल्या समन्वय सचिवांपर्यंत मान्यतेसाठी जावं लागतं. जर्मनीचं किंवा जपानचं यंत्र आणून विकणाऱ्या डीलरची खरी अडचण इथे आहे. दराचा प्रश्न नंतरचा, आधी तो आतच येऊ शकत नाही.

पाच लाखांपेक्षा कमी अंदाजित किमतीच्या खरेदीला हा आदेश लागत नाही. पण म्हणून बारा लाखांच्या खरेदीचे तीन तुकडे करून द्या असं कुठल्या कार्यालयाला सुचवू नका. तुकडे पाडणं हा नियमभंगच आहे आणि लेखापरीक्षणात तो सगळ्यात आधी पकडला जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक फरक महत्त्वाचा. हा आदेश केंद्राचा आहे. रेल्वे, संरक्षण, केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, बंदरं, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांना तो थेट लागतो. राज्याच्या कार्यालयांची खरेदी चालते ती उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातल्या नियमपुस्तिकेप्रमाणे, आणि त्यात वेळोवेळी झालेल्या सुधारणांप्रमाणे. मात्र योजना केंद्राची असेल किंवा पैशांत केंद्राचा वाटा असेल, तर खरेदी जिल्हा परिषदेने केली तरी केंद्राचा आदेश लागू होतो. ग्रामीण रुग्णालयाच्या निविदेत पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आहे की जिल्हा नियोजन समितीचा, हे म्हणूनच बघायचं. निविदेत लिहिलेलं नसेल तर निविदापूर्व बैठकीत सरळ विचारा.

आता कागद-पेन घ्या

सूत्र सोपं आहे. जीएसटी सोडून यंत्राची विक्री किंमत घ्या. त्यातून आयात केलेल्या मालाची किंमत वजा करा, सीमाशुल्क धरून. जे उरेल त्याची विक्री किमतीशी टक्केवारी काढा.

समजा तुम्ही रुग्णालयासाठी आडवा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, बनवता आणि दर आहे ६,००,००० रुपये. (वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा परवाना हातात आहे असं धरतो, तो नसेल तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही.) आतल्या वस्तूंची यादी काढली. व्हॅक्यूम पंप इटलीचा, ७०,०००. पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) आणि टचस्क्रीन ३८,०००. स्टीम आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह ५२,०००. सेन्सर २०,०००. दाराचं सिलिकॉन गॅस्केट १०,०००. एकूण आयात १,९०,०००. उरले ४,१०,०००, म्हणजे ६८.३ टक्के. क्लास-वन, तेही भरपूर मोकळी जागा ठेवून. नवा माणूस इथेच फाइल बंद करतो.

पण चेंबरला लागणारा स्टेनलेस स्टीलचा पत्रा कुठला? 'मुंबईच्या व्यापाऱ्याकडचा. बिल रुपयांत, जीएसटी लावलेलं.' बरोबर, पण पत्रा लाटला गेला कुठे? परदेशात तयार झालेली वस्तू इथल्या डीलरकडून रुपयांत घेतली म्हणून ती देशी होत नाही. आदेशात आणि त्यावरच्या खुलाशांत हे स्पष्ट केलेलं आहे. समजा तो पत्रा १,१५,००० चा आहे आणि आयातीचा निघाला. एकूण आयात झाली ३,०५,०००. स्थानिक मूल्य ४९.२ टक्के. क्लास-वनचा क्लास-टू झाला, एका बिलामुळे.

म्हणून प्रत्येक महागड्या सुट्या भागाच्या विक्रेत्याकडून मूळ देशाचं लेखी पत्र घ्या. पत्र्याच्या बाबतीत मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर मिलचं नाव आणि हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) असतो आणि तेवढ्यावर वाद मिटतो. देशात स्टेनलेस बनतं, सेल या सरकारी पोलाद कंपनीचा सेलमचा कारखाना आहे, खाजगी गिरण्या आहेत. काही वेळा नुसता खरेदीचा उगम बदलून टक्केवारी सुधारते, डिझाइनला हातही लावावा लागत नाही. मोटर, पंप, केबल, पॅनेल यांचंही तसंच. पीएलसी मात्र बहुतेकांना बाहेरचाच घ्यावा लागतो. तो आयातीत धरून टाका आणि दुसरीकडे वाचवा.

आणखी एक गाळणी. वाहतूक, विमा, यंत्र बसवणं, चालू करून देणं, प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा, हे सगळं इथल्याच माणसांनी केलं तरी स्थानिक मूल्यात धरता येत नाही. ४ मार्च २०२१ च्या खुलाशाने ते बंद झालं. आयात यंत्रावर 'बसवण्याचे' चाळीस टक्के लावून क्लास-टू होणारे लोक होते, त्यांच्यासाठीच ते होतं म्हणा ना. परदेशी मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी किंवा तांत्रिक शुल्कसुद्धा तुमच्या बाजूला मोजायचं नाही.

दर उतरवला की टक्केवारीही उतरते

हे फार थोडे जण आधी बघतात. समजा थोडा पत्रा देशी घेतला आणि आयात २,८५,००० वर आणली. ६,००,००० च्या दराला स्थानिक मूल्य ५२.५ टक्के, ठीक. आता जेमवर, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, रिव्हर्स ऑक्शन (दर खाली उतरवत जाण्याचा लिलाव) लागलं. समोरचा उतरतोय, तुम्हीही उतरताय, घड्याळ पळतंय. तुम्ही ५,६०,००० वर थांबलात आणि खूश झालात. पण आयात तेवढीच आहे. २,७५,००० भागिले ५,६०,०००, म्हणजे ४९.१ टक्के. बोलीच्या नादात तुम्ही क्लास-वनच्या खाली आलात आणि प्रमाणपत्र मात्र आधीच अपलोड केलेलं आहे.

यावर एक साधा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आयातीच्या रकमेची दुप्पट हा क्लास-वनचा तळाचा दर. वरच्या उदाहरणात ५,७०,०००. त्याखाली एक रुपयाही जायचं नाही. क्लास-टूसाठी आयातीला ०.८ ने भागायचं. ऑक्शनला बसणाऱ्या माणसाला, मग तो तुमचा मुलगा असो की ऑफिसातला मुलगा, हा आकडा आधीच सांगून ठेवा. रुपया घसरला की आयातीची रक्कम वाढते आणि हा तळ वर सरकतो, तेव्हा तीन महिन्यांपूर्वीचा हिशेब आज चालेलच असं नाही.

प्रमाणपत्र कोण देतं? दहा कोटींपर्यंतच्या निविदेत तुम्हीच, लेटरहेडवर, टक्केवारी आणि मूल्य जिथे तयार होतं त्या जागेचा पत्ता लिहून. दहा कोटींच्या वर कंपनी असेल तर वैधानिक लेखापरीक्षक किंवा कॉस्ट ऑडिटर, कंपनी नसेल तर प्रॅक्टिस करणारा सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट. स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः द्यायचं म्हणून ते हलक्यात घेऊ नका. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. तक्रार करणारा बहुतेक वेळा तुमचा प्रतिस्पर्धीच असतो आणि त्याला तुमचा पंप कुठला आहे हे पक्कं ठाऊक असतं.

'वीस टक्के प्राधान्य' म्हणजे वीस टक्के जास्त पैसे नव्हेत

क्लास-वनला वीस टक्के मार्जिन आहे हे सगळे ऐकून असतात. पुष्कळांना वाटतं की आपला दर वीस टक्के जास्त असला तरी ऑर्डर आपल्याच दराने मिळणार. तसं होत नाही. मार्जिन म्हणजे फक्त दुसरी संधी, आणि तीही समोरच्याच्या दराने.

एकच यंत्र घ्यायचं आहे. सगळ्यात कमी दर, म्हणजे एल-वन, १०,००,००० चा आणि तो क्लास-टू आहे. तुम्ही क्लास-वन, तुमचा दर ११,४०,०००. बारा लाखांच्या आत आहात, म्हणून कार्यालय तुम्हाला विचारेल, दहा लाखांत देता का? हो म्हणालात तर ऑर्डर तुमची, पण दहा लाखांत. नाही म्हणालात तर मार्जिनमधल्या पुढच्या क्लास-वनला विचारतील, आणि कोणीच तयार नसेल तर एल-वनला. खरेदी विभागून देता येण्यासारखी असेल, समजा चाळीस यंत्रं, तर निम्मी एल-वनला आणि उरलेल्या निम्म्यांसाठी क्लास-वनला त्याच दरात विचारणा. एल-वन स्वतःच क्लास-वन असेल तर सगळी ऑर्डर त्याचीच, इतरांना विचारत नाहीत.

इथे परत तळाचा दर आठवा. एल-वनचा दर मान्य करताना तुमची टक्केवारी पन्नासच्या खाली जात असेल तर तो होकार पुढे लेखापरीक्षणात अडचणीचा ठरू शकतो.

उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर आणखी एक वाट आहे. २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो. तुमचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर दर मिळवण्याची संधी मिळते. बयाणा रकमेत माफी आहे, निविदा फॉर्म फुकट. फक्त हे सगळं उत्पादकासाठी आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्यासाठी नाही. उद्यम प्रमाणपत्रावर 'ट्रेडिंग' असेल तर ते जोडून बयाणा चुकवायचा प्रयत्न करू नका, तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच, बाहेर पडाल. क्लास-वन आणि लघुउद्योग असे दोन्ही हक्क एकाच निविदेत समोरासमोर आले तर कोणाला आधी विचारायचं याचा क्रम वित्त मंत्रालयाच्या १८ मे २०२३ च्या ज्ञापनात दिला आहे. एकदा नीट वाचून काढा, दोन-चार पानांचंच आहे.

निविदा वाचायची कुठून

कागदपत्रांच्या जमवाजमवीवर मी फार लिहीत नाही. पॅन, जीएसटी, उद्यम, क्लास-थ्री डिजिटल सही, तीन वर्षांचे ताळेबंद, जुन्या पुरवठ्याचे आदेश आणि समाधानकारक पुरवठ्याची पत्रं हे एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. केंद्रासाठी जेम आणि केंद्रीय ई-प्रोक्युअर पोर्टल, राज्यासाठी महाटेंडर, अशी नोंदणी करा. जेमवर वस्तू टाकताना मूळ देश आणि स्थानिक मूल्य भरावं लागतं. तिथला आकडा आणि निविदेतल्या प्रमाणपत्राचा आकडा जुळला पाहिजे. आणि मार्च एंडिंगच्या गर्दीत पोर्टलवर शेवटच्या तासाला अपलोड करायला बसू नका, एवढंच.

निविदा हातात आली की पहिल्या पानापासून वाचायची नाही. आधी पात्रतेच्या अटी, मग तांत्रिक तपशील, मग पैसे देण्याच्या अटी. तांत्रिक तपशिलात बघायचं की एखाद्या परदेशी मॉडेलचं माहितीपत्रक तसंच्या तसं उतरवलंय का. चेंबरचा व्यास '४५० मि.मी.' ऐवजी '४५३ मि.मी.' असा दिसला की समजायचं. परदेशी प्रमाणपत्राचा आग्रह, परदेशात पुरवठा केल्याची अट, ब्रँडचं नाव, खरेदीच्या मानाने अवाढव्य उलाढाल, या अटी स्थानिक पुरवठादारांविरुद्ध भेदभावाच्या आहेत असं आदेशच म्हणतो. परदेशी प्रमाणपत्र मागायचंच असेल तर विभागाच्या सचिवांची लेखी मान्यता लागते.

यावर फोनवर भांडण्यात अर्थ नाही. निविदापूर्व बैठकीच्या आधी, दिलेल्या मुदतीत, लेखी प्रश्न पाठवा. भाषा सौम्य, मागणी नेमकी:

'तांत्रिक अट क्र. ७ मध्ये केवळ यूएस-एफडीए मान्यता मागितली आहे. सदर उपकरणासाठी भारतीय परवाना व भारतीय मानक उपलब्ध आहे. अट "भारतीय परवाना/मानक किंवा समकक्ष" अशी सुधारावी ही विनंती. परदेशी प्रमाणपत्राची अट कायम ठेवायची असल्यास सक्षम प्राधिकाऱ्यांच्या लेखी मान्यतेचा संदर्भ कळवावा.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते वाचून अधिकारी फाइल एकदा वर पाठवतोच, आणि बऱ्याचदा शुद्धिपत्रक निघतं. निघालं नाही तर आदेशाखाली औपचारिक तक्रार करता येते, पण तिला शुल्क आहे, दोन लाखांपासून पुढे. तक्रार खरी ठरली तरच ते परत मिळतं. त्यामुळे छोट्या उद्योगाने बैठकीपूर्वीच्या पत्रावरच जोर द्यावा. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक विचित्र अटीमागे कारस्थान नसतं. खूपदा डॉक्टर किंवा प्राध्यापकाने पूर्वी वापरलेल्या यंत्राचा तपशील आठवणीतून लिहिलेला असतो आणि भांडार लिपिकाने तो तसाच टाइप केलेला असतो.

परदेशी यंत्र विकणाऱ्याने काय बघायचं

सगळंच इथे बनत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, काही चाचणी यंत्रं ही बहुतेक बाहेरूनच येतात. अशा वस्तूसाठी मंत्रालयाने सूट किंवा कमी केलेली टक्केवारी लेखी दिली आहे का, जागतिक निविदेची मान्यता आहे का, हे निविदेतच शोधा. संशोधन संस्थांना जून २०२५ मध्ये मोठी सवलत मिळाली. वैज्ञानिक संशोधनासाठी २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला आता संस्थेचे संचालक किंवा कुलगुरूच मान्यता देऊ शकतात. पुण्यासारख्या शहरात, जिथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसरसारख्या संस्था शेजारी-शेजारी आहेत, याचा परिणाम मोठा आहे. पूर्वी एका यंत्रासाठी दिल्लीच्या वाऱ्या होत असत.

एजंट म्हणून भरत असाल तर दोन नियम पाठ हवेत. एकाच निविदेत परदेशी कंपनी स्वतः आणि तिचा भारतीय एजंट असे दोघं भरू शकत नाहीत. आणि एकाच वस्तूसाठी एक एजंट दोन कंपन्यांच्या वतीने उभा राहू शकत नाही. मूळ उत्पादकाचं अधिकृत पत्र त्याच निविदेच्या क्रमांकाचं हवं, जुनं सर्वसाधारण पत्र चालवून घेतील या भरवशावर राहू नका.

चीनच्या मालाबाबत स्वतंत्र नियम आहे. २३ जुलै २०२० पासून, भारताशी भूसीमा असलेल्या देशातल्या बोलीदाराला डीपीआयआयटीच्या समितीकडे नोंदणी केल्याशिवाय भरता येत नाही. फक्त नोंदणीचा पत्ता बघत नाहीत, मालकी शेवटी कोणाची हेही बघतात. भारताकडून विकास साहाय्य घेणारे शेजारी देश यातून वगळलेले आहेत, म्हणजे रोख कुठे आहे ते उघड आहे. पण सुटे भाग आणि कच्चा माल तिथून घ्यायला या नियमाची आडकाठी नाही. तिथलं तयार यंत्र आणून स्वतःच्या नावाने द्यायचं असेल तर मात्र त्या विक्रेत्याची नोंदणी लागते. चिनी सेन्सर वापरला म्हणून घाबरू नका, फक्त तो आयातीत मोजा. चिनी यंत्रावर आपलं स्टिकर लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. या नियमांत बदल होत राहतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूरच वाचा.

आता हे सगळं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत बसतं का, असा प्रश्न हमखास येतो. बसतं. जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदीचा करार वेगळा आहे आणि त्यात भारत सदस्य नाही, निरीक्षक आहे. अमेरिकेतही १९३३ पासून असाच कायदा आहे. पण भिंतीला खिडक्या पडू लागल्या आहेत. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात सरकारी खरेदीचं प्रकरण आहे आणि ठरावीक मर्यादेच्या वरच्या केंद्रीय खरेदीत ब्रिटिश पुरवठादारांना जागा दिली आहे. लघुउद्योगाला उद्याच त्याची धग लागणार नाही, पण मोठ्या ऑर्डरींत उपकंत्राट घेणाऱ्यांनी लक्ष ठेवावं.

दर भरताना

परदेशी आणि देशी दर एकमेकांशेजारी ठेवताना कार्यालय जागेवर पोचता दर धरतं. यंत्राची किंमत, जहाज किंवा विमान भाडं, विमा, सीमाशुल्क, आयजीएसटी, न्हावा-शेवा किंवा सहारला माल सोडवण्याचा खर्च, तिथून रुग्णालयापर्यंतचा टेम्पो, सगळं मिळून. देशी उत्पादकाने आपल्या दरात हेच बघावं: गडचिरोलीला यंत्र पोचवून, बसवून, तीन वर्षं वॉरंटी देऊन हा दर परवडतो का? वॉरंटीनंतरच्या सर्वसमावेशक देखभालीचा पाच वर्षांचा दर क्रमवारीत धरला जाणार असेल तर तो शून्य टाकून एल-वन होण्याचा मोह टाळा. यंत्र तुमचंच आहे, पाचव्या वर्षी पंप गेला तर फोन तुम्हालाच येणार.

खरं तर इथेच देशी उत्पादकाची खरी ताकद आहे, आणि तांत्रिक लिफाफ्यात ती क्वचितच कोणी लिहितो. बाहेरच्या यंत्राचं गॅस्केट यायला आठवडे लागतात, तोवर शस्त्रक्रियागृहाचं निर्जंतुकीकरण दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर ढकललेलं असतं. तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी पोचतो. सुट्या भागांची यादी, सेवा केंद्राचा पत्ता आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल हे लेखी द्या.

ऑर्डर मिळाल्यावर

पुरवठा आदेश आला की मुदतीची तारीख भिंतीवर लावा. उशीर झाला तर दंड लागतो, साधारणपणे दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के. आयात भागाला उशीर होतोय असं दिसताच मुदतवाढीचं पत्र द्या, मुदत संपल्यावर नाही.

बिलात दोन गोष्टी कापल्या जातील. कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापतात. तो पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरला जमा होतो, पण आधी तुम्हाला तो स्वीकारावा लागतो. कित्येकांचे पैसे तिथेच पडून असतात. दुसरी, सुरक्षा अनामत. ती बँक गॅरंटीने दिली असेल तर वॉरंटीसह सगळी जबाबदारी संपल्यावर आणखी साठ दिवस वैध ठेवावी लागते, म्हणजे तीन वर्षं वॉरंटी असेल तर त्याच्याही पुढे. गॅरंटीसाठी बँकेत ठेवलेली रक्कम तेवढा काळ अडकणार हे खेळत्या भांडवलात आधीच धरा.

पैसे अडकले तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याचा आधार आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो. पुष्कळ जण 'साहेब नाराज होतील' म्हणून करत नाहीत. माझं मत, पहिल्या महिन्यात तोंडी, दुसऱ्या महिन्यात लेखी स्मरणपत्र, आणि तरीही लेखाशीर्षावर निधी नाही असंच उत्तर आलं तर अर्ज. माल स्वीकारल्याची सही-शिक्क्याची पावती मात्र हातात हवी, ४५ दिवस तिथून मोजतात.

आणि स्थानिक मूल्याची फाइल ऑर्डर संपली म्हणून टाकून देऊ नका. त्या यंत्राच्या भागांची यादी, प्रत्येक भागाचं बिल, मूळ देशाची पत्रं, मिल सर्टिफिकेट आणि त्या तारखेचा विनिमय दर एका पाकिटात घालून वर निविदा क्रमांक लिहा. चौकशी आली तर ती ऑर्डर संपून वर्ष-दोन वर्षांनी येते, आणि तोवर खरेदी बघणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.